स्वच्छ कानाचा रिपोर्ट

“कानातला पू आत मेंदूकडे गेला आहे,” डॉक्टर म्हणाले. “ब्रेन ॲब्सेस. म्हणजे मेंदूत पुवाची गाठ. मला तरी तसंच वाटतंय.”

शुक्रवार होता. सकाळचे दहा वाजून गेले होते. रत्नागिरीच्या रुग्णालयातल्या बायकांच्या वॉर्डात, शेवटून दुसऱ्या खाटेवर माझी धाकटी बहीण सुमन डोळे मिटून पडली होती. मी उशाशी उभी होते, आई पायथ्याशी. डॉक्टरांचं बोलणं आईपर्यंत पोचलं नसावं. ते बोलत असतानाच तिने पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि त्यातले दोन कागद त्यांच्यापुढे धरले.

“कानाचे रिपोर्ट आहेत,” ती म्हणाली. “दोन्ही चांगले आलेत.”

डॉक्टरांनी कागद वाचले. दोन्हींवर एकच ओळ टाइप केलेली होती. कल्चर, नो ग्रोथ. म्हणजे जंतूंची वाढ झाली नाही. मग त्यांनी सुमनचं डोकं हलकेच उजवीकडे वळवलं. डाव्या कानातून हिरवट पू उशीच्या अभ्र्यावर ओघळला होता. त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, पुन्हा कानाकडे.

“स्वॅब घेतला त्या दिवशी कान धुतला होता का?”

आई म्हणाली, “नाही.”

मी म्हणाले, “हो. मीच धुतला होता. दोन्ही वेळेला.”

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त नर्सला स्वॅबची नवी नळी आणायला सांगितली आणि दोन्ही कागद घडी करून आईला परत दिले. आईने ते पुन्हा पाकिटात घातले, जपून.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. इथल्याच मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. कानाबद्दल मला जे कळलं ते वॉर्डात, लॅबच्या बाकावर आणि नंतर वाचनालयातल्या दोनतीन पुस्तकांतून कळलं. ज्या घरात एखाद्याचा कान वाहतो आणि तो पुसून साफ ठेवणारं कुणीतरी मायेचं माणूस आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. कान वाहतो त्याच्यापेक्षा पुसणाऱ्यासाठी जास्त.

सुमन चार वर्षांची असताना तिला गोवर आला. गोवर गेला, पण डावा कान वाहू लागला. आधी पाण्यासारखं, मग दाट. लसूण घालून कडवलेलं खोबरेल तेल कोमट करून घातलं, शेक दिला, गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं. कान थांबायचा आणि सर्दी झाली की पुन्हा वाहायचा. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कान पुसायचं काम माझ्याकडे आलं आणि ते वीस वर्षं माझ्याकडेच राहिलं. केर काढण्यासारखं ते रोजचं काम होतं. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब घालायचे, आत फसफसलं की डोकं कलतं करायचं, वर आलेलं टिपून घ्यायचं. मग औषधाचे थेंब, मग कापसाचा बोळा. मला ते उत्तम जमायचं. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, आमच्या थोरलीचा हात हलका आहे.

कानाला वास यायचा. गोडसर, पिकून उतरलेल्या फणसासारखा. तो कुणाला कळू नये म्हणून आई सुमनच्या केसांत बारा महिने काहीतरी माळायची. दिवस असतील तेव्हा सुरंगीचा वळेसर, नाहीतर बकुळीचा. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही, म्हणून बकुळीचे सुके वळेसर घरात डब्यात भरून ठेवलेले असत. शाळेत मुली तिला फुलराणी म्हणायच्या. ती चिडत नसे. तिचा डावा कान जवळजवळ बंद झाला होता आणि त्यावरही तिची थट्टा तयार असे. नव्या माणसाला ती सांगायची, “काही चांगलं बोलायचं असेल तर माझ्या उजवीकडे बसा. टोमणे मारायचे असले तर डावीकडे. दोघांनाही त्रास नाही.”

पुढचं समजण्यासाठी थोडी माहिती द्यावी लागेल. कानाच्या भोकाच्या टोकाला पातळ पडदा असतो. त्याच्या पलीकडे लहानशी पोकळी, तिला मधला कान म्हणतात. तिथे सतत पू होत राहणं म्हणजे क्रॉनिक सपुरेटिव्ह ओटायटिस मीडिया, मधल्या कानाचा जुनाट दाह. पडद्याला भोक पडलेलं असतं, तिथून पू बाहेर येतो. बहुतेकांना यापुढे फारसं काही होत नाही. पण काहींच्या कानात कातडीची एक पिशवी आत वाढत जाते. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. ती आजूबाजूचं हाड हळूहळू खाते. या पोकळीचं छत फार पातळ असतं आणि छताच्या वर मेंदू असतो.

हा पू करणारे जंतू एकाच जातीचे नसतात. स्टॅफिलोकोकस असतो, प्रोटियस असतो, स्युडोमोनास असतो. एकाला जे औषध मारतं त्याने दुसऱ्याला काहीही होत नाही. म्हणून कापसाच्या निर्जंतुक काडीवर, म्हणजे स्वॅबवर, थोडा पू घ्यायचा, तो लॅबमध्ये वाढवायचा, कुठला जंतू आहे ते पाहायचं आणि कुठल्या औषधाने तो मरतो ते तपासायचं. याला कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी म्हणतात. काडीवर पूच आला नाही, किंवा आदल्या औषधाने जंतू अर्धमेले झालेले असले, तर लॅबमध्ये काही वाढत नाही. कान स्वच्छ आहे असा रिपोर्ट येतो. आत जे चाललेलं असतं ते चालूच राहतं.

सुमन चोवीस वर्षांची असताना टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली. वडील गेल्यानंतर घरात इतका आनंद पहिल्यांदाच झाला होता. दादा मुंबईला कंपनीत, मी शाळेत, आणि सुमनचं काय होणार ही आईची एकच काळजी होती. लग्नाच्या दोन ठिकाणी कानावरूनच नकार आला होता. आता तिला स्वतःची नोकरी मिळत होती. फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की एक कान चांगला आहे, तेवढा पुरेल, पण वाहता कान चालणार नाही. कानाच्या डॉक्टरांकडून कान कोरडा असल्याचं लिहून आणा.

कानाचे डॉक्टर तेव्हा कोल्हापूरहून पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी येत. त्या शनिवारी सकाळी सुमनने न्हाऊन नवी साडी नेसली. मी तिचा कान धुतला. रोजच्यापेक्षा जास्त काळजीने धुतला. पेरॉक्साइड दोनदा घातलं, काडीवर पांढरा कापूस पांढराच येईपर्यंत टिपलं, वर औषधाचे थेंब घातले. सुमन म्हणाली, “ताई, डॉक्टरांना बघायला काहीतरी ठेव गो. नाहीतर ते म्हणतील, आलात कशाला?”

आई म्हणाली, “अशी घाण घेऊन कशी जायची डॉक्टरांकडे? काय म्हणतील ते?”

आम्ही फसवायला निघालो नव्हतो. आमच्याकडे डॉक्टरांकडे जाताना आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातात. दुखणं दाखवायचं तेही स्वच्छ करून. माझ्या मनात तेवढंच होतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण कान कोरडा दिसला तर नोकरी मिळेल, हेही माझ्या मनात होतं. काडीवरचा कापूस पांढरा आला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

डॉक्टरांनी कपाळाला लावलेल्या आरशातून बराच वेळ पाहिलं. पडद्याला वरच्या बाजूला भोक आहे म्हणाले, वरचं भोक त्यांना आवडत नाही म्हणाले. मॅस्टॉइडचा, म्हणजे कानामागच्या हाडाचा एक्स-रे काढायला सांगितला. मग आईकडे वळून विचारलं, “हा खरोखर कोरडा असेल तर मी थोडं थांबू शकतो. वाहत असेल तर थांबता येणार नाही, ऑपरेशन करावं लागेल. शेवटचा कधी वाहिला?”

“पुष्कळ दिवसांत नाही,” आई म्हणाली.

“काही औषध चालू आहे?”

“नाही.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिले. त्या चित्रात प्रत्येक भागाला वेगळा रंग होता. आजही मला ते रंग आठवतात. बोलले असते तर दोन वाक्यांचं काम होतं.

तिथेच स्वॅब घेतला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, नो ग्रोथ. एक्स-रेमध्ये मात्र थोडी सावली दिसत होती. डॉक्टरांनी महिन्याने पुन्हा स्वॅब घेऊ आणि मग ठरवू असं सांगितलं.

मध्ये गणपती आले. दादा मुंबईहून आला तो अँपिसिलिनच्या कॅप्सूल घेऊन. त्याच्या चाळीत एक कंपाउंडर राहतो, त्याने कानाला या एक नंबर म्हणून दिल्या होत्या. मुंबईहून आलेलं औषध आमच्या घरात प्रसादासारखं घेतलं जाई. सुमनने चार दिवस घेतल्या. कान थांबल्यासारखा वाटला तशा आईने उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात ठेवून दिल्या. वीस वर्षांत आम्ही असंच करत आलो होतो. चार दिवस हे, पाच दिवस ते, उरलेलं डब्यात. ज्या जंतूंना त्या औषधाने मरायचं होतं ते मेले. ज्यांना मरायचं नव्हतं ते राहिले आणि कान त्यांच्याच ताब्यात गेला. हे मला नंतर लॅबमध्ये कळलं.

दुसऱ्या स्वॅबच्या सकाळीही मी कान धुतला. पुन्हा नो ग्रोथ. डॉक्टरांनी कान कोरडा असल्याचं लिहून दिलं. ऑपरेशनचं उन्हाळ्यात बघू, पण वाहिला तर लगेच या, असं बजावून सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. दसऱ्याच्या आधी सुमन कामावर रुजू झाली.

तिला ते काम फार आवडलं. उजव्या कानाला हेडफोन लावून ती बोर्डापुढे बसायची. संध्याकाळी घरी आल्यावर जेवताना ट्रंक कॉलवर ऐकलेले आवाज काढून दाखवायची. कान तसा वाहतच होता. ती मला हळूच सांगायची, मी पुसायची. नोकरी नवी, रजा मागायची कशी, आणि रिपोर्ट तर दोन्ही चांगले. उन्हाळ्यात बघायचंच आहे, असं आम्ही दोघी म्हणायचो.

दिवाळीनंतर तिचं डोकं दुखू लागलं. डाव्या बाजूला, आतून. सकाळी उठल्याबरोबर उलटी व्हायची. आम्ही पित्त म्हटलं. आठवडाभर आवळ्याचं पाणी, कोकमाचं सार, सुंठ चालली. ज्यांच्या घरी असा कान आहे त्यांना माझं सांगणं आहे की कान वाहणाऱ्या माणसाचं डोकं दुखलं आणि उलटी झाली तर त्याला पित्त म्हणू नका. एक दिवसही म्हणू नका. आम्ही आठ दिवस म्हटलं.

मग एका संध्याकाळी ती हसतच घरी आली. म्हणाली, आज लांज्याचा कॉल चुकून खेडला जोडून दिला. “पण दोघंही बोलत बसले गो. ओळख नाही, पाळख नाही, चांगली तीन मिनिटं.” आम्ही हसलो. चहा देताना मी विचारलं, साखर ढवळायला चमचा हवा का. तिने चमचा हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “याला काय म्हणतात?”

मला वाटलं थट्टा करतेय.

“सांग ना,” ती म्हणाली. “चहा ढवळायचं... ते.”

घरातल्या वस्तूंची नावं तिच्या तोंडून एकेक करून गेली. दार, कंगवा, छत्री. वस्तू कशासाठी आहे ते ती नीट सांगायची, नाव येत नसे. डाव्या कानाच्या वर मेंदूचा जो भाग असतो तिथे नावांचा साठा असतो, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी मुलींना शब्द शिकवते. ते तीन दिवस मी घरात तिला शब्द सांगत होते, जणू तिची उजळणी कमी पडली होती. शुक्रवारी सकाळी ती गरम लागली, मान ताठ झाली आणि ती उठेना. शेजारच्यांच्या मदतीने आम्ही तिला रुग्णालयात नेलं.

तिथून पुढे तीनच दिवस आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं की पुवाची गाठ मेंदूचं ऑपरेशन करून रिकामी करावी लागते. ते इथे होत नाही, मुंबईला न्यावं लागेल. डोक्याच्या आतलं चित्र काढणारं सी.टी. स्कॅनचं यंत्रही तिकडेच होतं. पण आत्ता इतका ताप आणि इतक्या उलट्या असताना तेवढा रस्ता तिला झेपणार नव्हता. एकदोन दिवसांत थोडी सावरली की पाठवू. तोवर पेनिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल शिरेतून चालू केलं. कुठला जंतू आहे ते माहीत नाही, त्यामुळे अंदाजाने द्यावं लागतंय, असं ते मला म्हणाले. सुरात दोष देणं नव्हतं. ते तसं असतं एवढंच ते सांगत होते. मी दादाला तार केली.

त्यांनी आणखी एक सांगितलं. कानाला हात लावू नका. वाहू द्या.

वीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी उशाशी बसून पू ओघळताना पाहत राहिले. हाताला काम नव्हतं. शनिवारी सकाळी डॉक्टरांची फेरी यायची वेळ झाली तशी सुमनने डोळे उघडले. चाचपडत स्वतःच्या डाव्या कानापर्यंत हात नेला. बोटांना ओल लागली. तिने माझ्याकडे पाहिलं. कापूस हा शब्द तिला येत नव्हता. तिने चिमूट करून दाखवली.

“ताई, ते... पांढरं. ते येतील आता.”

मी म्हटलं, “असू दे. त्यांना बघायचंय.”

“शी,” ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. नंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. म्हणजे बोलण्याइतकी शुद्धीवर आली नाही.

त्याच दुपारी मी लॅबमध्ये गेले. तिथे साळवी नावाचे तंत्रज्ञ होते. पन्नाशीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. आदले दोन्ही स्वॅब त्यांच्याकडेच आले होते. त्यांनी काचेची झाकणवाली ताटली आणून दाखवली. तळाशी रक्त मिसळलेला लालसर थर आणि त्यावर हिरवट चमकणारे ठिपके, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले.

“या वेळी भरपूर आलंय,” ते म्हणाले. “मागच्या दोन्ही खेपेला मला खटकलं होतं. जुना कान आणि एकही ठिपका नाही, असं सहसा होत नाही. धुऊन आणला होता ना?”

मी हो म्हटलं.

“सगळेच धुऊन आणतात,” ते म्हणाले. “माझ्या बायकोने आमच्या मुलीचा आणला होता. घरात मी असताना.”

त्यांनी झाकण किंचित उचललं. वास आला, गोडसर, फणसासारखा. “हा बहुतेक स्युडोमोनास. मी वासावरूनच सांगतो. मशीन नको.” मी तो वास वीस वर्षं ओळखत होते. त्याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी पुढचं समजावलं. आता हे जंतू दुसऱ्या ताटलीत पसरायचे आणि त्यावर कागदाच्या लहान टिकल्या ठेवायच्या. प्रत्येक टिकलीत वेगळं औषध भिजवलेलं. रात्रभर उबेत ठेवलं की जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो, तिथे जंतू वाढत नाहीत. जे चालत नाही त्याच्या कडेपर्यंत जंतू येऊन भिडतात. उद्या रविवार होता, पण मी येऊन बघेन म्हणाले. कागद सोमवारी सकाळी तयार ठेवतो.

रविवारी दुपारी चार वाजता सुमन गेली. दादा तासाभराने पोचला. गाठ आतल्या आत फुटली असावी, असं डॉक्टरांनी सांगितलं. तसं झालं की हातात काही राहत नाही.

शेवटची आंघोळ घालताना नाकाकानांत कापूस घालतात. आळीतल्या बायका होत्या. उजव्या कानात त्यांनी घातला. डाव्या कानापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. ते काम माझंच होतं. मी कापसाची वळी केली, नेहमीसारखी, आणि नीट बसवली. आईने तिच्या केसांत बकुळीचा वळेसर माळला. डब्यातला, सुका.

सोमवारी सकाळी मी लॅबमध्ये गेले. सुतकात बाहेर पडले म्हणून लोक बोलले. माझ्या पर्समध्ये पावती होती आणि तिच्यावर ‘सोमवार सकाळ’ लिहिलं होतं, एवढंच मला तेव्हा सुचत होतं. साळवी मला बघून जागेवरून उठले. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्यांनी टिकल्यांची ताटली खास माझ्यासाठी बाहेर काढून ठेवली होती.

“बाई, बरं झालं लवकर आलात,” ते म्हणाले. “सापडलं औषध.”

त्यांनी ताटली उजेडाकडे धरली. पेनिसिलिनच्या टिकलीला जंतू खेटले होते. अँपिसिलिनला खेटले होते. क्लोरॅम्फेनिकॉललाही. एका टिकलीभोवती मात्र स्वच्छ, वाटोळा, रुपयाएवढा गोल होता.

“जेंटामायसिन. बघा कसा मोकळा गोल पडलाय. आजच्या आज चालू करायला सांगा. उतार पडेल.”

मी “बरं” म्हटलं. रिपोर्ट घेतला. त्यांनी वाकून पाकिटावर सुमनचं नाव लिहिलं, वय चोवीस लिहिलं. मी आभार मानले आणि बाहेर पडले. त्यांना सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या गावात ताटली उजेडाकडे धरून माझ्या बहिणीसाठी खूश झालेला तो एक माणूस होता. ते मला त्याच्याकडून काढून घ्यावंसं वाटलं नाही. रविवारी सुट्टी सोडून ते आले होते. त्यांचे आभार मी मनापासून मानले होते आणि आजही मानते.

पुढच्या फेरीला मी कानाच्या डॉक्टरांना भेटायला गेले. सगळं सांगितलं, दोन्ही सकाळी मी काय केलं ते आणि ते विचारत असताना मी कुठे पाहत होते तेही. त्यांनी ऐकून घेतलं. बोलताना रबरी शिक्का हातात फिरवत होते.

“तेव्हा कळलं असतं तर मी ऑपरेशन लांबवलं नसतं,” ते म्हणाले. “वाचली असती की नाही, हे मी सांगणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही. मला माहीत नाही.”

वेळेने दुःख कमी होतं असं पुष्कळ जणांनी सांगितलं. माझं कमी झालेलं नाही. आई आता फार बोलत नाही. ते पहिले दोन रिपोर्ट तिने देवघराच्या खणात ठेवले आहेत, चांगले आलेले. तिसरा माझ्याकडे आहे.

यंदा माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. शेजारच्या वाडीतून चालत येते. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली आणि मला वास आला. मी तिच्या आईला बोलावून घेतलं. कामाची बाई, काजूच्या कारखान्यात जाणारी, हातांवर काजूच्या चिकाचे काळे डाग. मी तिला सगळं समजावलं. शनिवारी डॉक्टर येतात, मी स्वतः बरोबर येते. फक्त दोन दिवस आधीपासून कानात काही घालू नका, पुसू नका, जसा आहे तसा आणा. तिने मान डोलावली. मी सुमनचंही थोडं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी दोघी वेळेवर आल्या. मुलीला न्हाऊ घातलं होतं, तेल लावून दोन वेण्या, धुवट फ्रॉक. कानात पांढरा शुभ्र कापूस.

मी विचारलं, “धुतलात?”

“नाय, बाई,” ती लगेच म्हणाली.

मी मुलीच्या कानाजवळ वाकले. पेरॉक्साइडचा वास आला. मी त्या बाईकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती.

“तशी घान घेवन कशी येव?” ती हळूच म्हणाली. “डाक्टर काय म्हनतील?”

डॉक्टरांना मी सांगितलं की कान धुतलेला आहे. त्यांनी स्वॅब घेतला नाही, पंधरा दिवसांनी तसाच आणा म्हणाले. पंधरा दिवसांनी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाहीत. मी दोन निरोप धाडले आहेत, एकदा वाडीत जाऊन आले, दाराला कुलूप होतं. मुलगी मात्र रोज शाळेत येते. तिच्या वहीत मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे की कान धुऊ नये, औषध घातलं असेल तर सांगावं, घाण तशीच दाखवावी, त्यात लाज नाही. घरी वाचून दाखव म्हटलं आहे. वाचून दाखवलं, असं ती म्हणते.

तिचाही डावाच कान आहे. मी तिला खिडकीकडच्या बाकावर बसवलं आहे. तिथून तिचा चांगला कान माझ्या बाजूला येतो.